सुपातले सेल

माझ्याकडे एक लिहायचं यंत्र आहे. ते टाइपरायटर नाही आणि लॅपटॉपही नाही. त्या दोन्हीच्या मधल्या काळातलं आहे, कॉम्प्युटरनं नुसतं लिहून दाखवलं तरी लोकांना खूप वाटायचं त्या काळातलं. आकार पोळपाटाहून थोडा मोठा, वजन अर्धा गुंड, म्हणजे अर्धी कळशी, पाण्याएवढं. वर धरायला मूठ आहे, त्यामुळे पिशवीसारखं उचलून कुठंही नेता येतं. झाकण उघडलं की आत बटनं, आणि बटनांच्या वर एक लांबट काच. त्या काचेत एका वेळी चार ओळी दिसतात. पाचवी लिहिली की पहिली वर निघून जाते. ती मेलेली नसते, आत असते. बाणाचं बटन दाबलं की परत येते. हे समजेपर्यंत मी पहिल्या ओळीसाठी बराच जीव जाळला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात नाला कोणाचं ऐकत नसे. त्याचं मला काही वाटत नाही. लिहायला जेवढं लागतं तेवढं चौथीपर्यंत शिकवून होतं. पुढं फक्त तेच लांबवायला शिकवतात.

हे यंत्र मला आरमोरीच्या भंगारवाल्या चाचाकडे मिळालं. मी मोडकी सायकल घेऊन गेले होते, बदल्यात जाड बुडाचं पातेलं आणायचं होतं. पातेली उलथीपालथी करताना खाली हे दिसलं. मातीनं भरलेलं, झाकणाची एक बिजागरी तुटलेली.

"चाचा, हे काय होय?"

"राईस मिल बंद पडली ना बाई, तिकडच्या ऑफिसातनं आलं. टाइप करायची मशीन है. चलती नहीं."

"तुमी चालवून पाह्यली?"

"मेरे को टाइप आता क्या? वजनावर घेतली, वजनावर देईन."

"मंग सायकल ठेवा आन् हे द्या."

"आन् पातेलं?"

"पातेल्याले बटनं असते तं तेच नेलं असतं."

घरी आमचा बुढा ओट्यावर दोर वळत बसला होता. आमचा बुढा म्हणजे माझा नवरा. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पातेलं कुठी हाये?"

"हे घ्या."

"याच्यात भात शिजते का?"

बिघडलेली वस्तू समोर आली की माझे हात खाजतात आणि तोंड बंद होतं. गल्लीतले स्टो, टॉर्च, टीव्हीचे रिमोट मीच दुरुस्त करत आले. कोणी शिकवलं नाही. उघडून पाहिलं की वस्तू स्वतःच सांगते तिला काय झालंय. माणसांपेक्षा ते बरं.

यंत्राच्या पोटात चार मोठे टॉर्चचे सेल बसतात. तिथं जुने सेल फुटून हिरवा-पांढरा खार साचला होता. तो चाकूनं खरवडला, वरून लिंबू घासलं, पुसून उन्हात ठेवलं. एक स्प्रिंग गळून गेली होती, ती जुन्या टॉर्चमधून काढून बसवली. सेल घातले आणि काच उजळली नाही, पण काळी रेघ लुकलुकायला लागली. मी बुढ्याला हाक मारली. तो आला, रेघ पाहिली, म्हणाला, "जिवंत हाये." आणि परत दोराकडे गेला.

अर्धी बटनं मुकी होती. खालचं झाकण उघडलं तर आत रबराची चादर, तिला काळे ठिपके, अगदी रिमोटमध्ये असतात तसे. रिमोटचा इलाज मला ठाऊक होता. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद बारीक कापायचा आणि झिजलेल्या ठिपक्यावर चिकटवायचा. बटनं बोलायला लागली. एका बटनाचा वरचा भागच गायब होता, तिथं बुढ्याच्या सदऱ्याचं बटन चिकटवलं. त्या सदऱ्याला तो अजून टाचणी लावतो. तुटलेल्या बिजागरीत सायकलची तार घातली. सायकल दिली होती, तार मी आधीच काढून घेतली होती.

बटनांवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही अक्षरं आहेत. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला क, ख, ग. ज्यानं कोणी हे बसवलं तो शहाणा माणूस असला पाहिजे. एक हात पेरतो, दुसरा खत टाकतो. दोन्ही हात कामाला लागतात आणि कोणी बसून खात नाही.

माझी सून आशा वर्कर आहे, मोबाइलवरच तिचं अर्धं काम चालतं. ती म्हणाली, "आई, काऊन येवढी मेहनत करता? मोबाइलवर नुसतं बोला, तो लिवून देते." मी बोलून पाहिलं. मी म्हटलं 'मले', त्यानं लिहिलं 'मला'. पुन्हा मोठ्यानं म्हटलं, पुन्हा 'मला'. मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "याले सांग, मी तुह्या शाळेत नाव नाई टाकलं." माझं यंत्र मला शिकवायला येत नाही. मी शिवी लिहिली तरी ती चार ओळींत नीट मांडून दाखवतं.

भांडण फक्त सेलचं होतं. धान गर्भात आलं की रानडुकरं येतात. बुढा मचाणावर जागलीला जातो आणि त्याच्या टॉर्चला तेच चार सेल लागतात. संध्याकाळी तो माझ्या यंत्रातून सेल काढायचा, सकाळी मी त्याच्या टॉर्चमधून काढायची. सेल मंदावले की तो ते उन्हात ठेवायचा. उन्हानं सेलात थोडा जीव येतो, आमच्याकडे अर्धं गाव तसंच करतं. मीही करत आले.

मात्र यंत्रात आणखी एक सेल आहे. घड्याळात असतो तसला, चिंचोक्याएवढा. तो वेगळ्या झाकणाखाली, बारीक स्क्रू लावून ठेवलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला हिंदीत चिठ्ठी चिकटवली आहे, दोन्ही सेल एकाच वेळी काढू नका म्हणून. मोठे सेल काढले की हा चिंचोका आतलं लिहिलेलं धरून ठेवतो. मी ती चिठ्ठी वाचली होती. बुढ्यालाही वाचता येतं, पण तो सूचना वाचत नाही. तो म्हणतो, सूचना नवीन लोकांसाठी असतात.

आता नाटकाचं सांगते.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, सोयरिकी जुळतात, दुपारी दंडार नाचतात आणि रात्री नाटक होतं. नाटकातले पुरुष गावचे असतात, पण लेडीज पार्टाला बाया वडश्याहून आणतात. आमच्या गावच्या बाया चटया घेऊन सगळ्यात पुढं जाऊन बसतात. स्टेजवर चढतात त्या फक्त झाडायला.

माझी धाकटी जाऊ भिंतीपलीकडे राहते. तिला इतक्या वर्षांच्या सगळ्या नाटकांतले संवाद पाठ आहेत. तांदूळ निवडताना ती खलनायकाचंही बोलते आणि नायिकेचंही, आणि मधेच रडून घेते. एक दिवस सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, तुही मशीन नुसत्या बाजाराच्या याद्याच लिवते का वं?"

"मंग काय लिवायचं?"

"एक नाटक लिव. मले एकदा वर चढू दे. मरताना मनायले तं होईन, का आपुन खालूनच नाई पाह्यलं."

तर मी नाटक लिहिलं. एक सासू आहे. घरातल्या सगळ्या कुलुपांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे ती विसरते, पण कबूल करत नाही. घरी जावई आलेला, सामान सगळं कोठीत, कोठी उघडत नाही. बाहेरून कुलूपवाला बोलावतात, तो सगळी कुलुपं बिघडवतो. सुनेला सगळं ठाऊक असतं, पण तिला कोणी विचारत नाही. जाऊ सासू झाली, माझी सून सून झाली. कुलूपवाल्याच्या कामाला गावातला पीठगिरणीवाला घेतला, कारण त्याला गिरणीच्या आवाजात बोलायची सवय होती आणि लाऊडस्पीकर कधी बंद पडेल सांगता येत नाही.

कागदावर काहीच नव्हतं. मी जाऊच्या ओट्यावर यंत्र मांडीवर घेऊन काचेतून चार-चार ओळी वाचायची आणि ते मागून म्हणायचे. जाऊचं एकदा ऐकून होत असे. गिरणीवाल्याला चारदा सांगावं लागायचं, पाचव्यांदा तो स्वतःचं म्हणायचा.

मंडळाच्या अध्यक्षानं ऐकलं तेव्हा डोकं खाजवलं. त्याचं राशन दुकान आहे, गावात सगळे त्याला भाऊ म्हणतात.

"काकू, बायाईचं नाटक? बरं, दुपारी घ्या. रातच्याले वडश्याची कंपनी बोलावली हाये. पण मले आधी कागद पाह्यजे."

"कशाले?"

"मांगच्या साली पोराईनं स्टेजवर पाहुण्याचीच नक्कल केली. पाहुणा जेवण टाकून गेला ना! आता कागद दाखवा, मंग पडदा वर. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मंडळाची बैठक हाये. तवापर्यंत नाई आला, तं दुपार दंडारवाल्याईले."

जाऊनं कागदाची वाट पाहिली नाही. तिनं त्याच दिवशी माहेरी फोन लावला. तिच्या भावानं ट्रॅक्टर ठरवला आणि सगळं माहेर ट्रॉलीत बसून यायचं ठरलं. आता नाटक झालं नसतं, तर त्या ट्रॉलीपुढं उभं राहणं तिला जमलं नसतं. ती तसं माझ्याशी बोललीही. "बाई, माहा पार्ट गेला तं चालन, मनाची तयारी हाये," असं म्हणाली आणि लगेच, "पण जाणार नाई ना?"

कागद काढायची सोय मी पाहून ठेवली होती. आरमोरीच्या टायपिंग क्लासात एक जुना प्रिंटर आहे, दोन्ही बाजूंनी भोकं असलेल्या लांब कागदावर कर्र कर्र करत छापणारा. त्याची रुंद वायर माझ्या यंत्राच्या मागच्या तोंडात बरोबर बसते. क्लासच्या बाईंनी हो म्हटलं होतं. शेवटचा प्रवेश मी बाजाराच्या आदल्या दिवशी पूर्ण केला. तो अजून कोणाला शिकवला नव्हता. लिहिताना बुढ्याला मोठ्यानं वाचून दाखवला होता, तेवढाच. सासू सुनेचे पाय धरते, ढसढसा रडते, माफी मागते. आमच्याकडच्या प्रेक्षकांना रडल्याशिवाय नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही.

काच फिकी पडायला लागली होती. "सेल मंदावले," असं मी म्हटलं आणि धुणं घेऊन नाल्यावर गेले.

परत आले तर अंगणात सूप ठेवलेलं. सुपात कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या आणि वड्यांच्या मधोमध चार मोठे सेल, अंतर सोडून, एकसारखे मांडलेले. त्यांच्या बाजूला पळसाच्या पानावर तो चिंचोक्याएवढा सेल. शेजारी बुढा कोंबड्या हाकलत बसला होता.

"हे काय केलं?"

"उद्या तुले आरमोरीले जायचं हाये ना? रस्त्यात मशीन बंद पडू नये मनून सेल गरम करून राह्यलो."

"लहाना काऊन काढला?"

"सगळेच थंडीनं आखडले असन, मनलं. स्क्रू लय बारीक होता, चाकूच्या टोकानं काढला." आणि मग थोड्या अभिमानानं, "हरवू नये मनून पानावर ठेवला, पाह्य."

हा त्याचा गुण आहे. अर्धवट काम तो कधीच करत नाही.

मी सेल परत घातले. काच उघडली. चारही ओळी कोऱ्या. यंत्रानं मला तारीख विचारली, नवीन माणसाला गाव विचारतात तशी. बाणाचं बटन वर दाबलं, खाली दाबलं. वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं.

मी बुढ्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. आवाज ऐकून जाऊ भिंतीपलीकडून आली.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे धाकटी जाऊ भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, तोंडानं बोलत नाही. काही सांगायचं असलं तर माझ्याकडे पाहून सांगते आणि ते त्याला ऐकू येतं. तो तिच्या पुढून जाताना खाकरतो, ती पदर ओढते. लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच. माझ्या बुढ्याला तिचा आवाज भिंतीतूनच माहीत होता.

ती सुपाजवळ उभी राहिली. कोऱ्या काचेकडे पाहिलं. सेलांकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि थेट बुढ्याच्या तोंडाकडे पाहून कडाडली.

"घरात माणसं चार आन् अक्कल सव्वादोन! ज्याले कुलूप लावता येते त्याले उघडता येत नाई, ज्याले उघडता येते त्याले कोणी इचारत नाई! या घराच्या भिंती माह्या मायबापानं नाई बांधल्या, पण कुलुपं माहीच हाये, समजलं?"

बुढा हातातली काठी धरून तसाच राहिला. कोंबडीनं तेवढ्यात एक वडी उचलली.

ते माझ्या नाटकातलं होतं. पहिल्या प्रवेशातलं, शब्द न शब्द. स्वतःच्या तोंडानं भासऱ्याला बोलायची तिची छाती नव्हती, पण सासूच्या तोंडानं होती.

"थांब," मी म्हटलं. "पुन्हा मन. हळू मन."

"त्याईले मनू?"

"मले मन. मी लिवते."

बुढा हळूच म्हणाला, "आवाज खणखणीत हाये हो हिचा. मले माहीतच नव्हतं." जाऊनं पुन्हा पदर ओढला, पण उशीर झाला होता.

उन्हात तापलेल्या सेलांवर भरवसा नव्हता. बुढा आत गेला आणि दुकानातून जागलीसाठी आणून ठेवलेले नवीन सेल माझ्यापुढं ठेवले. त्या रात्री तो मचाणावर तेलाचा रिकामा डबा वाजवत बसला. गावानं दुसऱ्या दिवशी विचारलं, कोणाची वरात होती म्हणून.

त्याच दुपारी सुनेला बोलावलं, गिरणीवाल्याला बोलावलं. तो पिठानं पांढरा झालेला तसाच आला. ओट्यावर मी यंत्र घेऊन बसले आणि तिघं आठवून सांगायला लागले. जाऊ धो धो बोलत होती, पण सासूच्या चिक्कूपणाची वाक्यं तिला आठवत नव्हती. बरोबर तेवढीच. सुनेला ती सगळी आठवत होती. शिवाय सुनेच्या तोंडी मी न लिहिलेले दोन टोले तिनं घुसवले.

"हे मी लिवलं नव्हतं," मी म्हटलं.

"लिवलं होतं ना आई. तुमी विसरल्या."

जाऊ म्हणाली, "विसरन कशी? नाटकातली सासू विसरते, ही नाई विसरत."

"मंग मले काऊन आठवते?" सुनेनं विचारलं.

"तुले पाह्यजे तेवढंच आठवते, वं माय!"

गिरणीवाल्याची पाच-सहा वाक्यं होती. त्यानं खाकरून बसता बसता पानभर सांगितलं आणि मग गाणं म्हणायला लागला.

"गाणं कुठून आलं?"

"होतं ना काकू, दुसऱ्या प्रवेशात. कुलूप तोडताना."

"मी आयुष्यात गाणं नाई लिवलं."

"तुमच्या मशीनमंधी होतं. आता मशीननंच खाल्लं तं मी काय करू?"

गाणं मी लिहून घेतलं आणि तो चहा प्यायला वळला तेव्हा पुसलं.

असं करत शेवटच्या प्रवेशापर्यंत आलो आणि थांबलो. तो कोणालाच शिकवला नव्हता. मला स्वतःला त्यातली दोन वाक्यं आठवत होती, बाकी नुसतं रडणं. मी लिहिलेलं लक्षात ठेवत नाही, नाहीतर यंत्र कशाला घेतलं असतं? सगळ्यांनी बुढ्याकडे पाहिलं. तो खांबाला टेकून दोर वळत होता.

"तुमाले वाचून दाखवला होता," मी म्हटलं. "आठवते का काही?"

"आठवते ना. ते बुढी रडली."

"ते मले बी माहीत हाये. बोलली काय?"

"ते नाई आठवत. मी तिथंच दोर थांबवला होता. मनलं, हे काऊन रडून राह्यली? कोणी मेलं का घरात? किल्लीच तं सापडून नाई राह्यली."

"लोकाईले रडू पाह्यजे असते."

"लोकाईचं सोड. तू कधी रडली का सुनेपुढं?"

सून सुपातल्या वड्या उलटवायला लागली. त्या आधीच उलटवलेल्या होत्या.

"नाई," मी म्हटलं.

"मंग ते कशाले रडन? तुह्यावरच तं बेतली हाये ते. मले काय कळत नाई का?"

मी माझ्या कमरेकडे पाहिलं नाही. तिथं काय लटकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तालमीतही जाऊ माझाच जुडगा उसना घेत होती.

मी जाऊला विचारलं, "तू त्या सासूच्या जागी असती तं काय केलं असतं?"

तिनं विचारसुद्धा केला नाही. "जुडगा फेकला असता सुनेच्या अंगावर. घे, तूच शोध. मी चालली मंडईत जिलेबी खायाले."

सून वड्यांवरून मान वर न करता म्हणाली, "मी झेलला असता."

तेच लिहिलं. चार ओळींच्या काचेत पूर्ण मावलं, एकही ओळ वर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र मांडीवर घेऊन बसनं आरमोरीला गेले. कंडक्टर म्हणाला, "हार्मोनियम हाये का काकू? एखादं भजन होऊन जाऊ द्या." टायपिंग क्लासच्या पोरी भोवती गोळा झाल्या आणि प्रिंटरनं रडतरखडत कागद ओकला. शाई फिकी, पण वाचता येत होतं. दुकानातून नवीन सेल घेतले आणि बैठक सुरू व्हायच्या आत अध्यक्षाच्या हातात कागद दिला. तो एकसलग होता, शेवटचं टोक त्याच्या पायापर्यंत लोंबत होतं.

तो उभ्यानं वाचत गेला. दोनदा हसला, मग शेवटाला आला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"काकू, सासू माफी नाई मागत?"

"नाई."

"लोक रडणार नाईत ना मंग."

"रडणं रातच्याले तुमच्या कंपनीकडून घ्या. दुपारी लोक जेवून येते. जेवणावर रडलं की पचत नाई."

त्यानं पुन्हा शेवट वाचला. "कोणा पाहुण्याची नक्कल तं नाई?"

"पाहुण्याची नाई."

तो माझ्या कमरेकडे पाहून कागद घडी घालायला लागला. घडी काही बसेना. "बरं," म्हणाला, "पडदा वर."

मंडईच्या दिवशी दुपारी मी विंगेत स्टुलावर यंत्र मांडीवर घेऊन बसले, कोणी अडलं तर सांगायला. जाऊ अडली नाही. पहिल्या वाक्यालाच तिनं माईक बाजूला सारला. समोर ट्रॉलीभर माहेर, आणि कडेला गमछा डोक्याला बांधून भासरा बसलेला. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं, 'घरात माणसं चार' आलं तेव्हा आमच्या बुढ्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "हे मले मनलं होतं," असं त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ते विंगेपर्यंत ऐकू आलं. गिरणीवाल्यानं कुलूप तोडताना गाणं म्हटलंच. पब्लिकनं ते पुन्हा म्हणायला लावलं आणि परत जाताना तो माझ्याकडे पाहून हसला.

शेवट आला. जाऊनं कमरेचा जुडगा सोडला, एकदा हातात तोलला आणि फेकला. नुसता टाकला नाही, आंबे पाडायला दगड मारतात तसा मारला. सुनेनं एका हातानं झेलला. शिट्ट्या पडल्या. तिनं तो कमरेला खोचला आणि जाऊ स्टेजवरून उतरून खरोखरच जिलेबीच्या दुकानाकडे चालती झाली. तिचं सगळं माहेर उठून तिच्या मागं. पडदा ओढणाऱ्याला कळेना, ओढायचा की थांबायचं. मी हातानं खूण केली, ओढ.

आता राहिलं एवढंच सांगायचं. तो जुडगा माझा होता, खरा. नाटक संपल्यावर सुनेनं तो परत दिला नाही. मी मागितला नाही. संध्याकाळी पाहुण्यांना चहा करायचा होता, तेव्हा साखरेचं कपाट तिनंच उघडलं, पहिल्याच किल्लीत.

बाजाराच्या दिवशी आणलेले नवीन सेल मी बुढ्याच्या हाताला लागू नयेत म्हणून त्याच कपाटात कुलूप लावून ठेवले होते. आता बुढ्याला जागलीला जायचं असलं की तो सुनेला सेल मागतो, आणि मला लिहायचं असलं की मीही मागते. ती आधी विचारते, कशासाठी. हे लिहायला घेतलं तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, पुढच्या मंडईचं नाटक. चार सेल मिळाले.